सगळे हात वर

४ ऑगस्ट
संस्थेची विश्रामखोली, बसस्थानकासमोर

अहो,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून काही अर्थ काढू नका. विमानतळावर तुम्ही आला नाहीत हे मी विसरलेले नाही. "बाबांची पाठ धरली आहे," असं मुलगा म्हणाला. आदल्या दिवशी माझी बॅग मला सापडू नये म्हणून माळ्यावर चढून ती आणखी आत ढकललीत, तेव्हा ती पाठ चांगली ठणठणीत होती.

फोन केला तर तुम्ही 'हं' म्हणता आणि लगेच सूनबाईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. हे तिच्या हातात देणार नाही तुम्ही, कारण त्यात तुमच्याबद्दल लिहिलं आहे.

बातमी अशी, की मला डोंगरातल्या शाळेतून हलवलं. आम्हा स्वयंसेवक शिक्षकांची सोय बघणारा संस्थेचा एक उंच पोरगा आहे. कशालाही 'हो हो' म्हणतो, म्हणून मी त्याला होहो म्हणते. त्याने येतानाच सांगितलं होतं, "वर्षभरही राहाल तुम्ही तिथे." मी घर मांडलं. खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा शिवला, मुलांना मला 'बाई' म्हणायला शिकवलं. आणि दोन महिन्यांत गाशा गुंडाळायची वेळ आली. कुठेतरी पाणी मुरतंय.

कुठे मुरतंय तेही मला माहीत आहे. शेवटच्या आठवड्यात एक बाई येऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायला लागली. तिथलीच, तिशीतली, अंगात करडा स्वेटर. वही नाही, पेन नाही. नुसती बघत बसायची. तुम्हीही शाळातपासणीला जाऊन लोकांच्या मागच्या बाकांवर आयुष्य काढलंत, पण तुमच्या हातात निदान कागद असायचा. बाकाजवळून फिरताना तिरक्या डोळ्याने साहेबांनी काय खरडलंय ते वाचता तरी यायचं. हिचं काय वाचणार?

होहोला विचारलं, "ही कोण?"

"हो हो, त्या बघायला आल्यात."

"काय बघायला?"

"हो हो, वर्ग."

मी तुमच्यासारख्या कितीतरी साहेबांना पाणी पाजलं आहे, तर ही काय! वर्ग असा चोख करून दाखवला की प्रश्न विचारायचा अवकाश, सगळे हात वर. एकही हात खाली नाही. रोज तेच. आणि आठवडा सरतो न सरतो तोच होहो दात काढत आला, "बाई, आता पुढची शाळा!" ज्याला हाकलायचं असतं त्याच्याशी माणसं गोडच बोलतात. त्या स्वेटरवालीने माझ्याविरुद्ध कोणाचे तरी कान भरले आहेत, यात मला तिळमात्र शंका नाही.

जीव अडकलाय तो मुंगीत. मी तिला मुंगी म्हणते. इवलीशी आहे आणि स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत येते. भागाकार तिच्या डोक्यात शिरत नव्हता. वर्ग सुटला की मी तिला माझ्याजवळ बसवायची, चिंचोक्यांसारख्या बिया मांडून वाटे करायला लावायची. आत्ता कुठे ती 'बाई, परत मांडा' म्हणायला लागली होती. तेवढ्यात मला उचललं. मला त्या शाळेत परत जायचं आहे. दुसरं काही नको. तुम्ही म्हणालात तसं मिरवायलाच आले असते, तर इथवर कशाला आले असते? आपल्या गल्लीतही मिरवता येतं.

खोलीत माझ्यासोबत एक निवृत्त नर्सबाई आहेत, तिसऱ्याच देशाच्या. डोकं दुखतंय म्हटलं तर लगेच गोळी काढून दिली. मी ती हळूच खिशात ठेवली. कोण कुठली!

तुमची


१ सप्टेंबर
दुसरी शाळा

अहो,

उत्तर नाही. असो. पाठ अजून धरलेली असेल, हातही धरला असेल.

ही शाळा गावाच्या मध्यात आहे. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर माझी खोली, मागच्या अंगणात वर्ग. दुकानदार दिवसभर ठोकत असतो, मी त्याच्यावरून ओरडत असते. पहिल्या दिवशी तो माझ्याकडे बघून हसला. मी खोलीला आणखी एक कुलूप लावलं. मग कळलं, आधीच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे होती, आणि मी शाळेत असताना माझ्या नळाची गळती तो दुरुस्त करून गेला होता. न सांगता लोकांच्या खोलीत शिरून नळ दुरुस्त करणारा माणूस सरळ असेल असं मला वाटत नाही.

मुलं हुशार आहेत, पण बिलंदर. अपूर्णांक म्हटलं की निम्मा वर्ग छताकडे बघतो. मी आपली जिवाचं रान करते आहे. आणि परवा काय पाहते, तर इथेही मागच्या बाकावर एक टकले गृहस्थ येऊन बसले! यांच्याही हातात कागद नाही. हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत बसतात.

दुधाने तोंड पोळलेली मी, आता ताकही फुंकूनच पिणार. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा या वर्गाचेही सगळे हात वर होते. कसे ते विचारू नका. बत्तीस वर्षांची नोकरी काय उगाच केली?

होहोला डोंगरातल्या शाळेबद्दल विचारलं. "मुंगी कशी आहे? भागाकार जमतो का?" तर म्हणाला, "हो हो, वर्ग छान चाललाय." छान चाललाय म्हणे. नेलेल्या माणसाची जागा किती लवकर भरून निघते हे मला ऐकवायला सांगितलं असणार कोणीतरी.

सूनबाईला सांगा, फ्रिजमागची भिंत पुसून घे. तिला वाटतं मला तिकडून दिसत नाही.

तुमची


२६ सप्टेंबर
बसस्थानक, बाकडं

अहो,

पुन्हा हलवलं.

हे पत्र मी मांडीवर लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. बस बिघडली आहे. चालक तिच्या खाली आडवा झाला आहे, त्याचे फक्त बूट दिसतात. बरोबर नर्सबाई आहेत, त्यांनाही कुठेतरी जायचं आहे. माझ्या दोन्ही बॅगांवर मी पाय टाकून बसले आहे.

आता मात्र मला तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे, आणि सरळ उत्तर हवं आहे. तुम्ही संस्थेला काही लिहिलंत का? 'आमच्या हिला परत पाठवा, वय झालं आहे, हट्टी आहे, कुठेही टिकू देऊ नका म्हणजे कंटाळून येईल घरी.' असलं काही? हे तुम्हाला शोभत नाही, पण तुम्हाला सुचू शकतं. ऑफिसात नको त्या माणसाला तुम्ही कसे गोड बोलून लांबच्या तालुक्याला पाठवायचात, ते मी जेवताना ऐकलं आहे.

नाहीतर सांगा, एका शाळेतून दोन महिन्यांत, दुसरीतून त्याहून लवकर, असं का? स्वेटरवाली आणि टकलेबुवा एकमेकांना ओळखतही नाहीत, मग दोघांनी मिळून मलाच कसं पाण्यात पाहिलं? यामागे तिसरा कोणी हवा. आणि मला ओळखणारा तिसरा माणूस म्हणजे तुम्ही.

नर्सबाईंना मी एवढंच म्हटलं, की माझी सारखी बदली होते. तर त्या म्हणतात, "तुम्ही भाग्यवान आहात. मी एका दवाखान्यात कधीची अडकले आहे, पुढे पाठवतच नाहीत मला." टोमणा मारायची ही तऱ्हा मला नवीन होती. मी म्हटलं, "हो ना, नशीब लागतं." आणि तोंड फिरवून बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःची शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. वारा खरंच गार आहे. शाल तशीच राहू दिली, पण आभार मानले नाहीत.

मघाशी खिडकीवर जाऊन विचारून आले. डोंगरातल्या शाळेकडे इथूनही एक बस जाते. समोरच उभी होती. मला चढता आलं असतं. मुंगीला नुसतं दारातून पाहून आले असते, वाटे करते का, रडते का. पण हुकूम तिसऱ्या शाळेचा आहे, आणि हुकूम मोडायचं मला या वयात जमेना. बस माझ्यासमोरून निघून गेली आणि मला रडू आलं. नर्सबाईंनी पाहिलं. पाहू दे.

लिहिलंत की नाही, ते कळवा.

तुमची


१८ ऑक्टोबर
तिसरी शाळा

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी आणि एवढंसं. मजकूर तुम्हाला आठवत नसेल तर उतरवून देते: 'संस्थेला मी काहीही लिहिलेलं नाही. पाठ बरी आहे. सगळे हात वर, हे वाचलं. कोणते?'

कोणते! दिवसभर मी तुमच्या नावाने बोटं मोडली. बायको परमुलखात एकटी, चार महिन्यांत हा माणूस चार वाक्यं लिहितो आणि त्यात एक टोचणी. वर्गात खडू मोडला, एका पोराला विनाकारण रागावले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

कारण तुम्हाला माहीतच आहे कोणते. लग्नाआधी माझ्या वर्गाची तपासणी करून तुम्ही शेरा दिला होतात 'उत्तम', आणि लग्नानंतर महिन्याभराने चहा पिता पिता म्हणालात, "त्या दिवशी मी डावे हात बघत होतो." आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की कुठला शिक्षक मुलांना हे सांगत नाही? उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा, पण खाली कोणाचाच ठेवायचा नाही. साहेबांना नुसतं हातांचं रान दिसतं, आणि बाई उजव्यांतलाच एक उठवतात. साहेब गेले की संपलं. कोणाचं काही बिघडत नाही. तसंच इथे केलं. डोंगरातही केलं आणि सायकलवाल्याच्या मागच्या अंगणातही. मागच्या बाकावर माणूस बसला की माझ्या अंगात आपोआप येतं ते.

पण आज जे कळलं ते लिहायला हात वळत नाही.

इथल्या मुख्याध्यापिका इतके दिवस रजेवर होत्या, आज सकाळी आल्या आणि मला शाळा दाखवत होत्या. पायऱ्यांवर थांबून म्हणाल्या, "तुमची फार वाट बघत होतो आम्ही. इतरांना एक वर्ग तयार करायला वर्ष लागतं. तुम्ही दोन महिन्यांत करता म्हणे!"

"तयार म्हणजे?"

"म्हणजे आमच्या शिक्षकांच्या हाती देण्याजोगा. पुढे ज्याने शिकवायचं तो शेवटी येऊन तुमच्या मागे बसतो. कोणाला किती येतं, कोण कुठे अडतंय ते बघतो. तो म्हणाला की आता मी सांभाळतो, की तुम्ही पुढच्या शाळेत. हीच तर पद्धत आहे. पहिल्या दिवशी सांगितलं असेल ना?"

सांगितलं असेल. पहिल्या दिवशी कोणीतरी तासभर बोलत होतं खरं. मी त्या वेळी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणं आधी उघडलेली तर नाहीत ना, ते तपासत होते.

म्हणजे कळलं का तुम्हाला? ती स्वेटरवाली तपासणीला आलीच नव्हती. ती माझ्यानंतर त्या मुलांना शिकवणार होती. कोणाला येत नाही ते बघायला ती बसली होती, आणि मी एकूणएक हात वर करून दाखवले. माझी तक्रार कोणी केलीच नाही. कौतुक झालं आणि म्हणून मला हलवलं. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

मुख्याध्यापिका बोलतच होत्या. मी मान हलवत होते, आणि डोळ्यांपुढे एकच होतं. मुंगीचा हात रोज डावा असायचा.

शनिवारी सुट्टी आहे. मी डोंगरात जाते आहे. होहोला विचारलेलं नाही.

तुमची


२२ ऑक्टोबर
डोंगरातली शाळा

अहो,

सगळं सांगते. मध्ये थांबवू नका, म्हणजे वाचता वाचता चष्मा काढून चहा मागवू नका.

स्वेटरवाल्या बाई शाळेच्या मागेच राहतात. दार उघडलं, मला पाहून त्यांचा चेहराच उतरला. आत घेतलं, चहाचं आधण ठेवलं. इथल्या भाषेत मी अजून अडखळते, पण काम भागतं. मी म्हटलं, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे."

"आधी मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी पाठवलं ते मला कळलंय. मी शाळा सोडते आहे. या महिनाअखेर."

"मला कोणी पाठवलेलं नाही. पण का सोडताय?"

"मला शिकवता येत नाही. तुमच्या वेळी सगळे हात वर असायचे. माझ्या वेळीही असतात. पण मी ज्याला उठवते तो नुसता उभा राहतो. तुम्ही काय करता ते मी आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. तसंच सगळं करते, तरी जमत नाही."

मी विचारलं, "तुमच्या हातात तेव्हा वही का नव्हती?" एवढं सगळं ऐकून मी हे विचारलं, काय म्हणावं मला!

"तुम्ही सारख्या माझ्याकडे रोखून बघायच्या. वाटलं, लिहायला घेतलं तर चिडाल. मला भीती वाटायची तुमची."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं: डावा म्हणजे काय, उजवा म्हणजे काय, आपल्याकडे साहेब कसे येतात, आम्ही काय करतो. आधण उकळून उकळून आटलं, मग त्यांनी शेगडी बंद केली.

"म्हणजे डावा हात असेल तर येत नाही."

"हो."

"आणि मी मुद्दाम त्यांनाच उठवत होते. वाटायचं, बिचारी लाजरी आहेत, खाली मान घालून का होईना, हात तर करतात, संधी मिळायला हवी." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हे लपवत कोणापासून होतात?"

"तुमच्यापासून."

"मी तर तुमच्या मदतीलाच बसले होते. मग शेवटी लपलं कोणापासून?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत, फक्त भांडं उचलून मोरीत ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तीन महिने मी या बाईला पाण्यात पाहत होते, आणि ती इथे स्वतःलाच नालायक ठरवून बसली होती. मी माफी मागितली. "ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी ती लहानी. ती शाळेत येत नाही."

लहानी म्हणजे मुंगी.

तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे, एक टेबल मावेल एवढं. आम्ही दोघी तिथे गेलो. मुंगी टेबलाखाली बसून रुमालांच्या घड्या घालत होती. मला बघून बाहेर आली, पण धावत नाही. मला वाटलं होतं धावत येईल. आई म्हणाली, "जातच नाही म्हणते. मारलं, समजावलं, ऐकत नाही."

मी खाली बसले. "का गं जात नाहीस?"

"मी रोज सांगत होते, मला येत नाही." एकदम बोलायला लागली. "तुम्ही शिकवलं होतं तसंच सांगत होते, या हाताने. आणि या मलाच उठवायच्या. रोज मलाच. मी उभी राहिले की सगळे हसायचे. सगळ्यांना माहीत होतं मी सांगितलंय म्हणून."

बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. या हाताचा अर्थ मला कोणी सांगितला नाही."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगितलं नाही यांना?"

अहो, आपण ती खूण साहेबांना फसवायची म्हणून वापरतो. मुलांना कुठे माहीत फसवायचं आहे ते? त्यांना वाटलं, येत नाही हे सांगायची बाईंनी सोय करून दिली. ती पोरं खरं सांगत होती. महिनोन्‌महिने, एक हात वर करून, तोंडावर खरं सांगत होती. मला त्या टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तुझी नाही, यांची तर नाहीच."

तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा रुमाल उचलला.

ती दुपार आम्ही दोघी बाईंच्या ओट्यावर बसलो. एकेका मुलाचं नाव घेऊन मी सांगत गेले. हा वजाबाकीत हातचा विसरतो. ही पाठ करते पण समजत नाही. याला फळ्यावरचं दिसत नाही आणि कबूल करत नाही. मला सगळं माहीत होतं हो. एकेकाचं सगळं माहीत होतं. हेच मी निघताना दहा मिनिटांत सांगू शकले असते, पण त्यासाठी आधी 'तुम्ही कोण' एवढं तोंड उघडून विचारावं लागलं असतं. मी होहोला विचारत बसले. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "सोमवारी वर्ग घेते. पुढचं पुढे." एवढंच म्हणाल्या. मी जास्त काही मागितलं नाही.

होहोलाही फोन केला. सगळं ऐकून प्रथमच त्याच्या तोंडून 'हो' निघालं नाही. "वर बोलावं लागेल," म्हणाला. बोलू दे. या वेळी हाकललं तर कारण तरी मला ठाऊक असेल. पण त्याआधी टकल्या गृहस्थांकडे जाऊन येणार आहे. ते अजून हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत डाव्या हातांना उठवत असतील.

तुमच्याबद्दल मनात आणलं ते चुकलं. 'हिला मिरवायची हौस' हे तुम्ही मुलासुनेसमोर म्हणालात ते मात्र चुकीचंच होतं, खरं असलं तरी. तुमची आठवण येते. इथे माझ्याशी भांडणारं कोणी नाही, सगळे शाल घालतात आणि नळ दुरुस्त करतात. लिहा. चार वाक्यं लिहा, पण लिहा.

आता शेवटचं. आज सकाळी मुंगी आली. आईने हाताला धरून आणली होती, दारात सोडून गेली. बाई आणि मी वर्गातच होतो. मी खुर्चीवर बसले, तिला जवळ घेतलं, बिया मांडल्या, पहिल्यासारखं. बारा बियांचे तीन वाटे तिने बरोबर केले. मग मी तेरावी ठेवली. ती अडली. तिने बीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुम्ही किती दिवस आहात?"

"आज दुपारच्या बसने जाणार."

तिने मग सगळ्या बिया मुठीत गोळा केल्या, आणि पलीकडे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंपुढे ती मूठ धरली.

"मग मी यांना विचारते," म्हणाली. "या राहणार आहेत ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात खुर्ची एकच होती. मी उठले, आणि त्या बसल्या.

तुमची